अहवाल सेमिनोमाचा, एएफपी ४१२ : सोलापुरातील वृषण-कर्करोगाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापुरातील २७ वर्षांच्या एका तरुणाचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. तपासण्यांचा क्रम आणि त्यांवरून घेतलेले निर्णय मात्र झाले तसेच मांडले आहेत. रक्ततपासणीच्या बाजूने मी या प्रकरणाशी जोडलेला होतो, त्यामुळे लेखाचा भर साहजिकच रक्तातील प्रथिनांवर आहे.

हा तरुण अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करीत असे. लग्नाला वर्ष झाले होते. उजव्या बाजूचे वृषण जड झाल्यासारखे त्याला वाटू लागले, पण दुखत काहीच नव्हते. दुखत नाही म्हणून, आणि सांगायचे तरी कोणाला म्हणून, त्याने चार महिने ते अंगावर काढले. अखेर पत्नीच्या आग्रहामुळे थोरल्या भावाने त्याला घराजवळच्या डॉक्टरांकडे नेले. तेथे जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविकांचा एक कोर्स देण्यात आला आणि सूज न उतरल्याने आणखी एक. पहिल्या कोर्सबद्दल कोणी आक्षेप घेऊ नये, कारण या वयात वृषणाच्या मागील नळीचा दाह होतोच. पण दोन आठवड्यांत सूज उतरली नाही, तेव्हाच सोनोग्राफी व्हायला हवी होती. शिवाय लहानपणी हेच वृषण खाली उतरले नव्हते आणि सहाव्या वर्षी त्यासाठी शस्त्रक्रिया झाली होती, ही गोष्ट कोणी विचारली नाही आणि त्यानेही सांगितली नाही. न उतरलेल्या वृषणात कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. तो एक प्रश्न विचारला गेला असता, तर पुढचे बरेच लवकर घडले असते.

शस्त्रक्रिया-तज्ज्ञांनी सोनोग्राफी करवली, तेव्हा वृषणाच्या आत ३.८ सेंटीमीटरची, रक्तपुरवठा असलेली भरीव गाठ दिसली. त्याच दिवशी ट्यूमर मार्करसाठी, म्हणजे गाठीमुळे रक्तात वाढू शकणाऱ्या प्रथिनांसाठी, रक्त घेतले गेले. एएफपी मिलिलिटरला ४१२ नॅनोग्रॅम होते. प्रौढात ते सहसा १० च्या आत असते. बीटा-एचसीजी ८६ होते, आमच्या पद्धतीची मर्यादा ५ आहे. एलडीएच ४१० होते आणि त्याची वरची मर्यादा २५०.

या तीन प्रथिनांचा अर्थ

वृषणाच्या कर्करोगांपैकी सुमारे ९५ टक्के जननपेशींपासून, म्हणजे शुक्राणू ज्यांपासून बनतात त्या पेशींपासून, उद्भवतात. त्यांचे दोन मोठे गट पडतात : सेमिनोमा आणि सेमिनोमेतर. उपचार याच विभागणीवर ठरतात, म्हणून पुढच्या सगळ्या घटनांचा गाभाही तोच आहे.

अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजे एएफपी, हे गर्भाच्या योक सॅकमध्ये (गर्भाला जोडलेल्या पीतक-पिशवीत) आणि यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. नवजात बाळाच्या रक्तात ते भरपूर असते आणि वर्षभरात प्रौढांच्या पातळीवर येते. मोठ्या माणसात ते वाढलेले दिसले, तर यकृताचा आजार तरी असतो किंवा गर्भावस्थेतील पेशींसारख्या वागणाऱ्या गाठी तरी, मुख्यतः योक सॅक ट्यूमर आणि काही प्रमाणात एम्ब्रायोनल कार्सिनोमा. शुद्ध सेमिनोमा एएफपी बनवत नाही. या नियमाला सवलत नाही : सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सेमिनोमाच दिसत असले, तरी एएफपीची वाढ खरी असेल, तर रुग्णाचा आजार सेमिनोमेतरच धरायचा.

बीटा-एचसीजी हे गर्भारपणात ओळखीचे असलेले प्रथिन कोरिओकार्सिनोमा या आणखी एका सेमिनोमेतर प्रकारात फार वाढते, एम्ब्रायोनल कार्सिनोमात वाढू शकते, आणि शुद्ध सेमिनोमाच्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांतही थोडे वाढलेले आढळते. म्हणून ते गट सांगू शकत नाही. एलडीएच हे एन्झाइम तर जवळपास प्रत्येक ऊतीत असते. त्यावरून निदान होत नाही, गाठीच्या पसाऱ्याचा अंदाज तेवढा येतो.

यात एक धोका आहे. ही तिन्ही मूल्ये सामान्य असूनही वृषणात कर्करोग असू शकतो. लहान गाठीत आणि बहुतेक सेमिनोमांत मार्कर वाढतच नाहीत. म्हणून भरीव गाठ दिसत असताना ‘रक्त चांगले आहे’ या कारणावर थांबणे चूक आहे.

पहिला निर्णय : सुई टोचायची की नाही

एका नातेवाइकाने गाठीतून सुईने पाणी काढून तपासण्याचा सल्ला दिला होता. स्तनाच्या किंवा मानेच्या गाठीसाठी ही तपासणी सर्रास होते, त्यामुळे घरच्यांना ते सरळ आणि कमी त्रासाचे वाटले. शस्त्रक्रिया-तज्ज्ञांनी ठाम नकार दिला, आणि त्यांचे कारण शरीररचनेचे होते. वृषणाची लसिका पोटाच्या मागच्या भागातील ग्रंथींकडे जाते, तर अंडकोषाच्या त्वचेची लसिका जांघेतील ग्रंथींकडे. त्वचेतून सुई आत घातली, तर पेशी नव्या वाटेने पसरण्याची शक्यता निर्माण होते. योग्य मार्ग जांघेतून छेद घेऊन, शुक्ररज्जू (वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि शुक्रनलिकेचा जुडगा) वरच्या बाजूला बांधून, संपूर्ण वृषण काढण्याचा आहे. या रुग्णाच्या जांघेत लहानपणीची शस्त्रक्रिया झालेली असल्याने तेथील ग्रंथीही मुद्दाम तपासल्या गेल्या. त्या वाढलेल्या नव्हत्या.

दुसरा प्रश्न अपत्याचा होता. या वयाच्या रुग्णात अनेकदा केमो सुरू करण्याच्या वेळी शुक्राणू साठवण्याचा विषय निघतो, आणि तोवर एक वृषण गेलेले असते. येथे शस्त्रक्रियेआधीच, दोन दिवस थांबून, वंध्यत्व-उपचार केंद्रात नमुना गोठवण्यात आला. शुक्राणूंची संख्या तेव्हाही कमीच निघाली. मार्करचा अहवाल हाती असताना दोन दिवस थांबणे योग्य आहे का, यावर चर्चा झाली. दोन दिवसांनी आजाराची अवस्था बदलत नाही, असे सर्वांचे मत पडले, आणि ते मला पटते.

अडचण : काचपट्टी एक सांगते, रक्त दुसरे

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. त्याच आठवड्यात केलेल्या छाती-पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये महाधमनी आणि महाशिरेच्या मधल्या भागात ८ मिलिमीटरची एक ग्रंथी होती. एक सेंटीमीटरच्या आतली म्हणून ती सामान्य धरली गेली. मग ऊतीचा अहवाल आला : शुद्ध सेमिनोमा, वृषणापुरता मर्यादित.

कुटुंबाला हायसे वाटले. वृषणापुरत्या मर्यादित सेमिनोमात पुष्कळदा केवळ नियमित तपासण्यांवर लक्ष ठेवणे पुरते, किंवा कार्बोप्लॅटिनचा एखादा डोस. पण अहवालावर सही करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टना एएफपीचा आकडा कळवलेलाच नव्हता. नमुन्यासोबतच्या विनंतीपत्रावर ‘उजव्या वृषणातील गाठ’ एवढेच लिहिले होते. दोन अहवाल दोन स्वतंत्र फाइलींत होते आणि ते एकमेकांशी जुळत नव्हते.

पर्याय

पहिला पर्याय ऊतीच्या अहवालावर विश्वास ठेवण्याचा होता. एएफपी दुसऱ्या कशाने वाढले असेल असे मानून सेमिनोमाचा उपचार करायचा. हा मार्ग सर्वांत सोपा आणि स्वस्त होता. आणि अंदाज चुकला असता, तर सर्वांत महागही तोच पडला असता. सेमिनोमाला मानवणारा किरणोपचार किंवा कार्बोप्लॅटिनचा एकच डोस सेमिनोमेतर आजाराला पुरेसा नसतो.

दुसरा, रक्ताच्या आकड्यावर शंका घेण्याचा. हा माझ्या कामाचा भाग होता. शस्त्रक्रियेपूर्वीचा राखून ठेवलेला नमुना पुन्हा तपासला, तो पातळ करूनही मोजला. मूल्ये प्रमाणात उतरली. काही पद्धतींत रक्तातील इतर प्रतिपिंडे मापनात ढवळाढवळ करतात आणि खोटी वाढ दाखवतात. तशी ढवळाढवळ असती तर पातळ केल्यावर मूल्ये सहसा अशी सरळ उतरली नसती. यकृताच्या चाचण्या सामान्य होत्या, हिपॅटायटिस बी आणि सी नव्हते, दारूचा इतिहास नव्हता. केसांसाठी किंवा व्यायामशाळेतून सुचवलेल्या बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचारले, कारण त्यांचा जास्त डोस काही यंत्रांवर असे आकडे खोटे कमी दाखवतो. तोही नव्हता. आकडा खरा होता.

तिसरा पर्याय काढलेल्या वृषणाकडे परत जाण्याचा. फॉर्मालिनमध्ये ठेवलेला उरलेला नमुना अजून उपलब्ध होता. पॅथॉलॉजिस्टशी फोनवर बोलल्यावर त्यांनी विलंब न लावता तो पुन्हा उघडला. मला याचे फार मोल वाटते : आपला सही केलेला अहवाल पुन्हा तपासायला घेणे कोणत्याही तज्ज्ञाला सोपे नसते.

चौथा पर्याय थेट सेमिनोमेतर समजून केमो सुरू करण्याचा होता. तत्त्वतः तो चुकीचा नव्हता, कारण एएफपीचा नियम स्पष्ट आहे. पण शस्त्रक्रियेनंतर एएफपी कसे उतरते हे कळल्याशिवाय शरीरात आजार शिल्लक आहे की नाही, हे सांगता आले नसते. वृषणापुरत्या मर्यादित सेमिनोमेतर आजारातही काहींना केमो लागत नाही. म्हणून तिसऱ्या मार्गाने जायचे आणि दर आठवड्याला एएफपी मोजायचे, असे ठरले.

काय केले

गाठीचा बहुतांश भाग एकसारखा, फिकट होता. कडेला मात्र एक लहानसा, रक्तस्राव झालेला, मऊ पट्टा होता; पहिल्या वेळी त्यातून तुकडा घेतला गेला नव्हता. गाठीच्या प्रत्येक सेंटीमीटरमागे निदान एक तुकडा घ्यावा आणि वेगळ्या दिसणाऱ्या प्रत्येक जागेतून घ्यावा, असा दंडक आहे. कामाच्या रगाड्यात तो पाळणे अवघड जाते. नव्या तुकड्यांत योक सॅक ट्यूमरचा छोटा भाग सापडला. ब्लॉक आणि काचपट्ट्या भावाने सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला एका मोठ्या कर्करोग केंद्रात नेऊन दिल्या. तेथील प्रथिन-रंजनात, म्हणजे ठरावीक प्रथिन असलेल्या पेशीच रंगतील अशा तपासणीत, सेमिनोमाच्या पेशी ऑक्ट ३/४ आणि सीडी ११७ या प्रथिनांना रंगल्या, तर संशयित भाग ऑक्ट ३/४ ला रंगला नाही. ग्लिपिकन-३ आणि एएफपीला मात्र रंगला. निदान पक्के झाले : मिश्र जननपेशी अर्बुद, म्हणजे सेमिनोमा आणि योक सॅक ट्यूमर दोन्ही असलेली गाठ. रक्तातील प्रथिनाने ज्याची चाहूल दिली होती, ते ऊतीतील प्रथिनांनी दाखवून दिले.

आता प्रश्न उतरणीचा होता. एएफपीचे अर्धायुष्य ५ ते ७ दिवस असते. गाठ पूर्ण निघाली असेल, तर दर आठवड्याला आकडा साधारण निम्मा किंवा त्याहून कमी व्हायला हवा. बीटा-एचसीजीचे अर्धायुष्य दीड दिवसाच्या आत असते, त्यामुळे ते आठवडाभरातच मर्यादेत आले, एलडीएचही उतरले. एएफपी सातव्या दिवशी २१४ झाले, चौदाव्या दिवशी १२१. गती अपेक्षेपेक्षा किंचित मंद होती, पण चिंता करण्याइतकी नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात कुटुंब दुसऱ्या मतासाठी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेले. तिथल्या प्रयोगशाळेतील एएफपीचा आकडा आला ७९. भावाने फोनवर विचारले, “डॉक्टरसाहेब, २१४, १२१, आता ७९. उतरतंय की! मग आता सारखं रक्त कशाला काढायचं?” प्रश्न अगदी रास्त होता, आणि आणखी एका आठवड्याने तपासू म्हणून सगळेच निश्चिंत होण्याची शक्यता होती.

अहवालाचा फोटो मागवला, तेव्हा खरे कारण दिसले. त्या प्रयोगशाळेने मूल्य आंतरराष्ट्रीय एककांत दिले होते, आम्ही नॅनोग्रॅममध्ये देत होतो. एएफपीचे एक आंतरराष्ट्रीय एकक म्हणजे सुमारे १.२१ नॅनोग्रॅम. म्हणजे ७९ हे आमच्या मोजमापात सुमारे ९६ होते. १२१ वरून ९६ हा उतार धरला, तर अर्धायुष्य सुमारे २१ दिवस निघते. कुठलेही निरोगी शरीर एएफपी इतक्या सावकाश सोडत नाही. मागच्या बाजूने कोणीतरी ते अजून बनवत होते. खात्री म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा आमच्याच यंत्रावर मोजले : १३८. चढ सुरू झाला होता.

पुन्हा केलेल्या सीटी स्कॅनमध्ये आधीची ८ मिलिमीटरची ग्रंथी १३ मिलिमीटरची झालेली होती. उजव्या वृषणाचा आजार सर्वप्रथम नेमक्या त्याच जागी पोचतो. फुप्फुसे स्वच्छ होती. शस्त्रक्रियेनंतरची, केमोपूर्वीची मूल्ये विचारात घेऊन धोक्याचा गट ठरवायचा असतो, आधीची नव्हे. हा मुद्दा पुष्कळदा निसटतो. त्या हिशेबाने एएफपी १००० च्या आत, एचसीजी आणि एलडीएच सामान्य, म्हणजे चांगल्या भविष्याचा गट. १९९७ साली आखलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या गटातील ९२ टक्के सेमिनोमेतर रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. २०२१ च्या सुधारित अभ्यासात हे प्रमाण ९६ टक्के आले.

केमोच्या निवडीत एक स्थानिक मुद्दा होता. या गटासाठी ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन यांची तीन आवर्तने देतात. ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करू शकते, आणि हा तरुण आठ वर्षे कापसाच्या तुसात काम करीत होता. तुसामुळे फुप्फुसे आधीच आखडली असती, तर ब्लिओमायसिन वगळून उरलेल्या दोन औषधांची चार आवर्तने हा मान्य पर्याय होता. वायूंच्या देवाणघेवाणीसह फुप्फुसांची पूर्ण तपासणी झाली, ती सामान्य निघाली, म्हणून तिन्ही औषधांची तीन आवर्तने ठरली. खोकला किंवा दम लागणे सुरू झाल्यास ब्लिओमायसिन थांबवायचे, असे आधीच लिहून ठेवले. उपचार सोलापुरातच, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले. मधल्या रक्ततपासण्यांचा खर्च कुटुंबाने केला.

रुग्ण या सुमारास फार खचला होता. छातीतील जननपेशींच्याच गाठीसाठी २०१२ मध्ये अमेरिकेत केमो घेऊन पुन्हा भारतीय संघातून खेळलेले युवराज सिंग यांचे उदाहरण त्याला दिले गेले. १९७० च्या दशकात इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन वापरायला सुरुवात केली आणि पसरलेला वृषण-कर्करोगही बरा होऊ लागला, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगितले. तो तयार झाला.

पहिल्या आवर्तनाच्या पाचव्या दिवशी घरच्यांनी न विचारता एएफपी तपासून घेतले. आकडा १७१ आला, आणि औषध लागू पडत नाही असे समजून घरात रडारड झाली. केमोच्या सुरुवातीच्या दिवसांत गाठीतील पेशी फुटतात आणि साठलेले प्रथिन एकदम रक्तात येते, त्यामुळे असा तात्पुरता चढ होऊ शकतो. उपचार बदलले नाहीत. दुसऱ्या आवर्तनापूर्वी आकडा ४९ होता.

परिणाम

तिसऱ्या आवर्तनानंतर एएफपी ४ वर आले आणि ग्रंथी एक सेंटीमीटरपेक्षा लहान झाली. पोटातील शस्त्रक्रिया लागली नाही. तो कामावर परतला, मात्र तूस कमी असलेल्या तपासणी विभागात.

दहाव्या महिन्यात बीटा-एचसीजी ७ आले. आजार उलटल्याची भीती सर्वांनाच वाटली, पण एएफपी व सीटी स्कॅन स्वच्छ होते, आणि त्याचा थकवा व कमी झालेली कामेच्छा पाहता दुसरे कारण शोधण्यात आले. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच (वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारे पिट्यूटरी ग्रंथीचे संप्रेरक) बरेच वाढलेले निघाले. अशा वेळी पिट्यूटरी ग्रंथी स्वतःही थोडे एचसीजी सोडते आणि काही पद्धतींत एलएचच एचसीजी म्हणून मोजले जाते. टेस्टोस्टेरॉनचे एक इंजेक्शन देऊन दोन आठवड्यांनी तपासले, तेव्हा एचसीजी २ च्या खाली होते. अनावश्यक केमो टळली. टेस्टोस्टेरॉन नियमित द्यायचे तर शुक्राणूनिर्मिती दबते, हा प्रश्न लगेच समोर आला. आधी गोठवलेला नमुना असल्याने तो निर्णय पतिपत्नींना घाई न करता घेता आला.

काय वेगळे करता आले असते

सोनोग्राफीचा उशीर वगळला, तर मला सर्वांत जास्त बोचते ते रिकामे विनंतीपत्र. वृषणाच्या नमुन्यासोबत तिन्ही मार्करची मूल्ये, तारीख आणि एकक लिहिलेले असते, तर पॅथॉलॉजिस्टने तो रक्तस्रावाचा पट्टा पहिल्याच दिवशी तपासला असता; एएफपी ४१२ वाचून कोणी शुद्ध सेमिनोमावर सही करणार नाही. उलट दिशेनेही तेच : सेमिनोमाचा अहवाल प्रयोगशाळेला कळला असता, तर आम्ही एएफपीच्या आकड्याखाली विसंगतीची नोंद केली असती.

दुसरे, आकड्यांची मांडणी. नुसत्या यादीत १२१ नंतर ७९ वाचले की डोळे ‘उतरले’ असेच म्हणतात. हेच आकडे एका एककात आणून, लघुगणकी कागदावर तारखेप्रमाणे टिपले आणि सात दिवसांच्या अर्धायुष्याची सरळ रेषा शेजारी ओढली, तर रेषेपासून फारकत कोणालाही दिसते. आता आम्ही पाठपुराव्याच्या प्रत्येक रुग्णासाठी तो आलेख फाइलीत लावतो. एकच प्रयोगशाळा, एकच पद्धत हा आग्रह रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवा. पुण्या-मुंबईला मत घ्यायला जाणारच, तर रक्त सोलापुरात काढून अहवाल सोबत नेता येतो.

तिसरी बाब अजून खुली आहे. रक्तातील मायक्रो-आरएनए ३७१ची चाचणी, जी प्रथिनांची नव्हे तर आरएनएच्या एका लहान रेणूची आहे, टेराटोमा (सेमिनोमेतर गाठीचा आणखी एक प्रकार) वगळता बहुतेक जननपेशी अर्बुदांत प्रथिनांपेक्षा अधिक संवेदनशील ठरत आहे. शस्त्रक्रियेच्या आठवड्यात ती हाताशी असती, तर ८ मिलिमीटरच्या ग्रंथीबद्दलचा संशय कदाचित महिनाभर आधी पक्का झाला असता. पण टेराटोमा ती ओळखत नाही, आणि मिश्र अर्बुदात टेराटोमाचा भाग असू शकतो. या रुग्णाच्या ब्लॉकमध्ये तो सापडलेला नाही. तरीही त्याच्या पाठपुराव्यात सीटी स्कॅन वगळायचे नाहीत, असे ठरले आहे.